दोन फेऱ्या कमी

अमेरिकेतील मोटार-शर्यतींच्या इतिहासात ३० मे १९१२ या तारखेसमोर विजेता म्हणून ज्यो डॉसन या बावीस वर्षांच्या तरुणाचे नाव नोंदलेले आहे. इंडियानापोलिस येथील पाचशे मैलांची शर्यत त्याने ६ तास २१ मिनिटांत पुरी केली आणि वीस हजार डॉलरचे पहिले पारितोषिक त्याला रीतसर मिळाले. नोंद अचूक आहे. परंतु त्या दिवसाचा विषय निघाला, की सहसा डॉसनचे नाव प्रथम कोणाच्या तोंडी येत नाही. येते ते त्याच यादीत अकराव्या जागी असलेल्या राल्फ डी पाल्माचे. शर्यत दोनशे फेऱ्यांची होती. त्यांपैकी १९६ फेऱ्यांत डी पाल्मा सर्वांच्या पुढे होता आणि तरीही तो हरला. इतक्या फेऱ्या आघाडीवर राहून शर्यत गमावण्याचा हा विलक्षण विक्रम शंभराहून अधिक वर्षे लोटली तरी कोणी मोडलेला नाही.

असा विक्रम आपल्या नावावर असावा, असे कोणालाही वाटणार नाही. आणि तरीही याच पराभवाने डी पाल्माला जे स्थान मिळवून दिले, ते पुढच्या अनेक विजेत्यांना विजयाने मिळवून दिलेले नाही. हे कसे घडले, हे समजण्यासाठी त्या माणसाची, त्याच्या यंत्राची आणि त्या काळच्या शर्यतींच्या नियमांची अशी तिन्हींची ओळख करून घ्यावी लागते.

राल्फ डी पाल्माचा जन्म १८८२ साली दक्षिण इटलीतील फोज्जा प्रांतातल्या बिक्कारी या गावी झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत दक्षिण इटलीतून कष्टकऱ्यांचे लोंढेच्या लोंढे अटलांटिक ओलांडून अमेरिकेत जात होते. डी पाल्मा कुटुंब त्यांतलेच एक. मुलगा दहा-अकरा वर्षांचा असताना हे कुटुंब न्यूयॉर्ककडे येऊन स्थिरावले. परक्या देशात परक्या भाषेत वाढणाऱ्या अशा मुलांपुढे पुढे येण्याचे मार्ग थोडे असत. अंगमेहनत होती, लहानसहान व्यापार होता, आणि ज्याच्या अंगी चपळाई असेल त्याच्यासाठी क्रीडांगण होते. राल्फने प्रथम सायकलच्या शर्यती केल्या, मग मोटारसायकलच्या, आणि १९०८ च्या सुमारास तो मोटारीकडे वळला.

त्या काळी मोटार-शर्यतींसाठी अमेरिकेत स्वतंत्र अशा जागा जवळजवळ नव्हत्या. गावोगावच्या जत्रांत घोड्यांच्या शर्यतींसाठी मातीची वर्तुळाकार मैदाने असत. त्यांवरच मोटारी धावत. घोड्याच्या टापांनी जेवढी धूळ उडे, तिच्या कित्येक पट धूळ मोटारीची चाके उडवीत. पुढची मोटार मागच्याला दिसत नसे; वळण कोठे आले हे कुंपणाच्या खांबांवरून किंवा झाडांच्या शेंड्यांवरून ताडावे लागे. चालकाच्या डोक्यावर पोलादी शिरस्त्राण नव्हते, अंगाभोवती पट्टा नव्हता. मोटार उलटली तर आतला माणूस बाहेर फेकला जाई. या मातीच्या मैदानांवर डी पाल्माने लवकरच नाव मिळविले.

१९०९ साली कार्ल फिशर आणि त्याच्या तीन भागीदारांनी इंडियानापोलिस शहराबाहेर अडीच मैलांच्या परिघाची एक कायम धावपट्टी बांधली. मोटारींच्या कारखानदारांना आपल्या गाड्यांची कसोटी घेता यावी आणि लोकांना त्या पाहता याव्यात, असा त्यामागे दुहेरी हेतू होता. पहिला प्रयोग फसला. खडी आणि डांबर यांचा पृष्ठभाग पहिल्याच मोठ्या शर्यतींत उखडला आणि त्यात माणसे प्राणास मुकली. तेव्हा मालकांनी सारी धावपट्टी सुमारे बत्तीस लाख विटांनी बांधून काढली. १९११ साली या विटांच्या पट्टीवर पाचशे मैलांची पहिली शर्यत झाली. अडीच मैलांच्या फेरीने पाचशे मैल म्हणजे बरोबर दोनशे फेऱ्या. त्या पहिल्या शर्यतीत डी पाल्मा सहावा आला.

१९११ चा विजेता रे हारून हा मोटारीत एकटाच बसून धावला होता. इतर मोटारींत चालकाच्या शेजारी एक यंत्रज्ञ बसलेला असे. हा मनुष्य नुसता प्रवासी नव्हता. तेलाचा आणि इंधनाचा दाब हाताने पंप मारून कायम राखणे, टायरांची झीज न्याहाळणे, मागून कोण येत आहे ते चालकाला खुणेने सांगणे, आणि वाटेत मोटार बंद पडली तर खाली उतरून दुरुस्ती करणे, ही सारी त्याची कामे असत. अपघात झाला तर त्याचा वाटाही चालकाइतकाच. कीर्तीत मात्र तो बरोबरीचा वाटेकरी क्वचितच होई. हारूनने यंत्रज्ञाऐवजी मागचे दिसावे म्हणून एक आरसा बसविला होता. त्याबद्दल प्रतिस्पर्ध्यांनी कुरकुर केली आणि १९१२ पासून इंडियानापोलिसला प्रत्येक मोटारीत यंत्रज्ञ असलाच पाहिजे, असा नियम झाला. या नियमानुसार डी पाल्माच्या शेजारी बसला तो रूपर्ट जेफकिन्स नावाचा ऑस्ट्रेलियन.

१९१२ च्या शर्यतीत चोवीस मोटारी सुटल्या. डी पाल्माची मोटार जर्मन बनावटीची, चार सिलिंडरांची मर्सेडीझ होती. तिसऱ्या फेरीत त्याने आघाडी घेतली आणि नंतर तास उलटत गेले तरी ती कोणाला घेऊ दिली नाही. इतर मोटारी एकामागून एक नादुरुस्त होऊन गळू लागल्या. अखेरच्या टप्प्यात त्याच्यामागे होता तो डॉसन, नॅशनल या इंडियानापोलिसच्याच कारखान्यात बनलेल्या मोटारीतून; आणि दोघांमधील अंतर काही सेकंदांचे नव्हते, सुमारे पाच फेऱ्यांचे होते. शर्यत संपल्यातच जमा होती. प्रेक्षकांपैकी काहीजण घरची वाट धरण्याच्या तयारीत होते.

चार-पाच फेऱ्या उरल्या असताना मर्सेडीझचा आवाज बदलला. तिच्या इंजिनातील एक कनेक्टिंग रॉड मोडला होता.

हा रॉड म्हणजे काय, हे समजावयास अवघड नाही. पायाने चालवायच्या शिवणयंत्रात पायटा वरखाली होतो आणि त्याला जोडलेली एक दांडी बाजूचे मोठे चाक गरगर फिरविते. वरखाली होणाऱ्या हालचालीचे वर्तुळाकार गतीत रूपांतर करणे हे त्या दांडीचे काम. मोटारीच्या इंजिनात नेमके हेच घडते. सिलिंडरमध्ये इंधनाचा स्फोट होऊन दट्ट्या खाली ढकलला जातो. दट्ट्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड खालचा क्रँकशाफ्ट फिरवितो आणि तो फेर शेवटी चाकांपर्यंत पोहोचतो. परंतु शिवणयंत्राचा पायटा सावकाश हलतो. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल, तर दट्ट्याला त्याच एका मिनिटात चार हजार वेळा आपली दिशा बदलावी लागते. प्रत्येक वेळी तो क्षणमात्र थांबतो आणि लगेच उलट धावतो. आणि प्रत्येक वेळचा हिसका या दांड्याला सोसावा लागतो. पोलादातही थकवा साचतो. तारेचा तुकडा एकाच ठिकाणी वारंवार वाकविला, तर तो पहिल्या वेळी तुटत नाही, पण कधीतरी तुटतोच. सहा तास अखंड धावणाऱ्या इंजिनातील दांड्याची स्थिती काहीशी अशीच असते.

दांडा तुटला की तो सिलिंडर निकामी होतो. एवढ्यावरच भागत नाही. तुटलेला तुकडा फिरत्या क्रँकशाफ्टबरोबर आतल्या आत गरगरत राहतो आणि इंजिनाच्या खालच्या पेटीवर घणासारखे घाव घालतो. पेटीला भोक पडते, त्यातून तेल वाहून जाते, आणि तेल गेले की उरलेले धडधाकट भागही एकमेकांवर घासून अडकून बसतात. म्हणजे दांडा मोडल्यानंतर मोटार काही काळ धावू शकते. पण किती काळ, हे चालकाच्या हाती राहत नाही.

डी पाल्माने वेग उतरविला. थांबला असता तर मोटार पुन्हा सुरू होण्याची आशा नव्हती. म्हणून उरलेल्या तीन सिलिंडरांवर तो मोटार रेटीत राहिला. डॉसन एकेक फेरी भरून काढू लागला. १९८ फेऱ्या पुऱ्या झाल्या तेव्हाही डी पाल्माच पुढे होता. त्यानंतर मर्सेडीझ थांबली ती थांबलीच. तेव्हा डी पाल्मा आणि जेफकिन्स खाली उतरले आणि त्या अवजड मोटारीला मागून हात लावून त्यांनी ती विटांच्या पट्टीवरून ढकलीत मुख्य प्रेक्षागृहाकडे आणावयास प्रारंभ केला. याच वेळी डॉसन त्यांच्या बाजूने पुढे निघून गेला. १९९ वी आणि २०० वी अशा शेवटच्या दोनच फेऱ्या डॉसन आघाडीवर होता. त्याला तेवढ्याच पुरल्या.

तेलाने आणि काजळीने माखलेले दोन पुरुष बंद पडलेली मोटार ढकलीत आहेत, असे त्या प्रसंगाचे छायाचित्र पुढे फार प्रसिद्ध झाले. ते पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. या ढकलण्याचा शर्यतीच्या हिशेबात काडीइतकाही उपयोग नव्हता. मोटारीने पाचशे मैल स्वतःच्या शक्तीने तोडले पाहिजेत, असा नियम होता. माणसांनी ढकललेले अंतर त्यात धरले जात नसे. जी मोटार पूर्ण अंतर तोडणार नाही, ती शर्यत पुरी केलेल्यांत गणली जात नसे, मग ती कितीही पुढे असो. प्रेक्षागृहातून जो जयघोष उठला, तो कोणत्याही पारितोषिकाच्या अपेक्षेने हे दोघे झटत नव्हते हे लोकांना दिसत होते म्हणूनच उठला असावा.

हा नियम किती काटेकोरपणे पाळला गेला, याचे दुसरे उदाहरण त्याच सायंकाळी तेथे घडत होते. राल्फ मलफर्ड नावाच्या चालकाची मोटार फार मागे पडली होती. दहाव्या क्रमांकालाही पारितोषिक होते. पण ते हवे असेल तर पाचशे मैल पुरे करावयास हवेत, असे अधिकाऱ्यांनी त्याला बजावले. मलफर्डने ते पुरे केले. डॉसनला लागले त्याहून अडीच तास अधिक, म्हणजे एकूण ८ तास ५३ मिनिटे त्याला लागली. मधे थांबून त्याने कोंबडीच्या जेवणावर ताव मारला, असेही सांगतात. प्रेक्षक घरोघर गेले, प्रेक्षागृहे रिकामी झाली, तरी मलफर्ड शांतपणे फेऱ्या मारीत राहिला आणि दहावा आला. सहा तास सर्वांच्या पुढे धावलेला डी पाल्मा त्याच्या खाली, अकरावा.

वरवर पाहता हा अन्याय वाटतो. पण विचार करता नियमाचे म्हणणे खोटे ठरविता येत नाही. पाचशे मैलांची शर्यत म्हणजे पाचशे मैलांचीच शर्यत. ४९५ मैलांची नव्हे. शेवटच्या पाच मैलांत सवलत द्यावयाची, तर मग दहा मैलांत का नाही, पन्नास मैलांत का नाही, या प्रश्नाला उत्तर राहत नाही. नियम माणसाची योग्यता मोजण्यासाठी नसतो, अंतर मोजण्यासाठी असतो. योग्यतेचे मोजमाप लोक निराळ्या ठिकाणी, निराळ्या मापाने करतात, आणि ते डी पाल्माच्या वाट्याला आले. हे त्याला स्वतःलाही उमगले असावे, असे त्याच्या वागणुकीवरून दिसते. त्याने तक्रार केली नाही, की नियमाला बोल लावला नाही. उलट डॉसनचे मनापासून अभिनंदन केले.

डॉसन हाही हलक्या मनाचा माणूस नव्हता. दोन वर्षांनी, १९१४ च्या शर्यतीत त्याच्यापुढे एक मोटार उलटली. तिच्यावर आपली मोटार जाऊ नये म्हणून त्याने चाक वळविले, स्वतः कोसळला आणि गंभीर जखमी झाला. इंडियानापोलिसवरील त्याची शर्यतीची कारकीर्द त्या क्षणी संपली. नशिबाने डी पाल्माच्या हातून ओढून घेतलेला विजय योग्य माणसाच्या पदरात पडला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

१९१२ चे उरलेले वर्ष डी पाल्माने गाजविले. एल्जिन येथील शर्यती त्याने जिंकल्या. ऑक्टोबरमध्ये मिलवॉकी येथे मानाचा व्हँडरबिल्ट चषकही त्याने मर्सेडीझमधूनच पटकाविला. त्यानंतर तीनच दिवसांनी तेथेच अमेरिकन ग्रँड प्राइझ ही शर्यत होती. तिच्यावर आधीच मृत्यूची छाया पडलेली होती. मागील दोन वर्षांचा विजेता डेव्हिड ब्रूस-ब्राउन हा तरुण सरावातच अपघाताने दगावला होता. शर्यतीच्या अगदी शेवटच्या फेरीत डी पाल्मा पुढे असलेल्या केलेब ब्रॅगच्या फियाट मोटारीला गाठू पाहत होता. दोन्ही मोटारींचा परस्परांना धक्का लागला. मर्सेडीझ उलटली आणि डी पाल्मा जबर जखमी झाला. ब्रॅग जिंकला.

अशा वेळी वृत्तपत्रे दोषी शोधीत असतात, आणि विजेत्याने वाट अडविली असा आरोप होणे अगदी स्वाभाविक होते. परंतु वेदनांनी तळमळणाऱ्या डी पाल्माने भोवतालच्या माणसांना पहिली गोष्ट सांगितली ती ही, की ब्रॅगचा काही दोष नाही. त्याने आपल्याला पुरेशी वाट दिली होती. आपण जगतो की मरतो याची शाश्वती नसताना प्रतिस्पर्ध्याच्या नावावर डाग पडू नये, याची काळजी वाहणारी माणसे क्रीडाक्षेत्रातच काय, इतरत्रही विरळाच आढळतात. ढकललेल्या मोटारीच्या छायाचित्राने डी पाल्मा लोकप्रिय झाला. पण त्याच्या व्यवसायातील माणसांच्या मनात त्याच्याविषयी जो आदर राहिला, त्याचे मूळ या प्रसंगात शोधावे लागते. १९१२ आणि १९१४ या वर्षांचे राष्ट्रीय अजिंक्यपद पुढे अभिलेखांत त्याच्या नावावर मांडले गेले.

याचा अर्थ डी पाल्मा भोळा होता असा मात्र नव्हे. त्याचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी बार्नी ओल्डफील्ड. तोंडात चिरूट धरून मोटार हाकणारा, गावोगाव फिरून खेळ करणारा, जाहिरातीची कला पुरेपूर अवगत असलेला हा चालक. अमेरिकेत वर्तुळाकार पट्टीवर एका मिनिटात एक मैल तोडण्याचा पराक्रम त्याने १९०३ सालीच केला होता, आणि वेग या शब्दाला तेथील सामान्य माणूस ओल्डफील्डचेच नाव देत असे. डी पाल्माचा स्वभाव त्याच्या नेमका उलट होता. मितभाषी, नीटनेटका, शर्यतीपूर्वी मोटारीचा खिळान् खिळा तपासणारा. १९१३ साली डी पाल्मा मर्सर कंपनीच्या चमूचा प्रमुख होता. कंपनीने त्याला न विचारता ओल्डफील्डला नोकरीवर घेतले, तेव्हा डी पाल्माने राजीनामा दिला आणि श्रोडर नावाच्या धनिकाच्या मालकीची एक जुनी मर्सेडीझ घेऊन तो स्वतंत्रपणे उतरला.

दोघांची गाठ पडली २६ फेब्रुवारी १९१४ रोजी, कॅलिफोर्नियातील सांता मोनिका शहराच्या रस्त्यांवर, व्हँडरबिल्ट चषकाच्याच शर्यतीत. अंतर सुमारे २९४ मैलांचे. ओल्डफील्डची मर्सर नवी आणि अधिक चपळ होती. पण वळणांवर तिचे टायर लवकर झिजत. त्या काळचे टायर आजच्या मानाने फारच नाजूक. शर्यत पुष्कळदा इंजिनापेक्षा टायरांवरच ठरे. कारण टायर बदलण्यासाठी थांबणे म्हणजे मिळविलेली मिनिटे हातची घालविणे. डी पाल्मा आपली मोटार जपून चालवीत होता. ओल्डफील्डच्या टायरांची झीज त्याच्या नजरेतून सुटली नव्हती, आणि आपण तपासणीसाठी थांबलो तर ओल्डफील्डही थांबेल, हे त्याने ओळखले. शर्यत अखेरीला येताच त्याने ओल्डफील्डला दिसेल अशा बेताने आपल्या माणसांना खूण केली, की पुढच्या फेरीत मी थांबणार आहे. ओल्डफील्डने ते पाहिले. प्रतिस्पर्धी थांबतोच आहे, तर आपणही टायर बदलून घ्यावेत, म्हणून तो आत शिरला. डी पाल्मा न थांबता सरळ पुढे निघून गेला आणि चषक त्याने जिंकला.

या चातुर्याला कोणी लबाडी म्हणेल. परंतु बुद्धिबळाच्या पटावर सापळा रचणाऱ्याला आपण लबाड म्हणत नाही. येथे नियम मोडला गेला नव्हता, कोणाच्या जिवाला धोका झाला नव्हता, आणि फसणाऱ्याला फसू नये इतका अवसर होता. शर्यतीच्या मर्यादेत बुद्धी चालवावी आणि मर्यादेबाहेर कोणाचे वाईट चिंतू नये, हा डी पाल्माचा दंडक दिसतो. १९१२ ची मिलवॉकी आणि १९१४ ची सांता मोनिका या दोहोंत विसंगती नाही.

त्याच वर्षी जुलैच्या आरंभी तो फ्रान्समधील लियाँ येथे ग्रँड प्रीच्या शर्यतीसाठी गेला. स्वतः त्यात चमकला नाही. पण मर्सेडीझच्या नव्या मोटारींनी पहिले तिन्ही क्रमांक पटकाविलेले त्याने पाहिले. साडेचार लिटरचे चार सिलिंडरांचे ते इंजिन विमानाच्या इंजिनांच्या अनुभवातून सिद्ध झालेले होते. डी पाल्माने तसली एक मोटार मिळविली, आणि युरोपात महायुद्धाचा भडका उडण्यापूर्वी ती जर्मनीबाहेर पडून अमेरिकेला पोहोचली. थोडे दिवस उशीर झाला असता, तर ती तेथेच अडकून पडती. डेट्रॉइट येथे पॅकार्ड कंपनीच्या कारखान्यात तिची निगराणी झाली आणि तेथील अभियंत्यांना तिची रचना जवळून पाहता आली.

१९१५ ची इंडियानापोलिसची शर्यत पावसामुळे दोन दिवस पुढे ढकलून ३१ मे रोजी झाली. डी पाल्माच्या शेजारी या वेळी लुई फाँटेन हा यंत्रज्ञ होता. मुख्य सामना डारिओ रेस्टा याच्याशी. योगायोग असा, की रेस्टाही जन्माने इटालियन, इंग्लंडात वाढलेला. एकाच्या हाती जर्मन मर्सेडीझ, दुसऱ्याच्या हाती फ्रेंच पेझो. तिकडे त्या दोन राष्ट्रांची सैन्ये खंदकांत एकमेकांसमोर उभी होती, आणि आठवड्यापूर्वीच इटलीही युद्धात उतरली होती. इकडे त्यांच्या मोटारी विटांच्या पट्टीवर निःशस्त्र झुंजत होत्या. दोघे कितीतरी वेळ आलटून पालटून पुढे जात होते. मग रेस्टाच्या टायरने दगा दिला, त्याला थांबावे लागले, आणि डी पाल्मा आघाडीवर स्थिर झाला.

आणि जवळजवळ तीन फेऱ्या उरल्या असताना मर्सेडीझमधून तोच ओळखीचा आवाज आला. पुन्हा कनेक्टिंग रॉड मोडला. पुन्हा इंजिनाच्या पेटीला भोके पडली, पुन्हा तेल सांडू लागले, पुन्हा तीन सिलिंडर उरले. तीन वर्षांपूर्वी जे घडले होते, त्याची अक्षरशः पुनरावृत्ती. या तीन फेऱ्यांत त्या दोघांच्या मनाची जी अवस्था झाली असेल, तिची कल्पनाच केलेली बरी. पण या वेळी यंत्र तगले. ५ तास ३३ मिनिटांत, ताशी ८९.८४ मैलांच्या सरासरी वेगाने डी पाल्माने शर्यत जिंकली. हा वेगाचा उच्चांक पुढे सात वर्षे कोणी ओलांडू शकले नाही.

या दोन दिवसांची तुलना केली म्हणजे विचारात पडावयास होते. दोन्ही वेळी चालक तोच, कौशल्य तेच, मोटार त्याच कारखान्याची, मोडलेला भाग तोच. एका वेळी थोडे तेल अधिक वेळ टिकले आणि दुसऱ्या वेळी टिकले नाही, फरक एवढाच. पण त्या फरकाने एका वर्षी त्याला अकरावा ठरविले आणि दुसऱ्या वर्षी पहिला. पोलादाच्या एका दांड्याच्या तुटण्यावर माणसाची योग्यता ठरवावयाची, तर ती दोन्ही वेळी सारखीच ठरते.

डी पाल्माची कारकीर्द तेथे संपली नाही. १२ फेब्रुवारी १९१९ रोजी फ्लॉरिडातील डेटोनाच्या वाळूवर त्याने बारा सिलिंडरांच्या पॅकार्डमधून ताशी १४९.८७५ मैलांचा वेग गाठला. १९२० साली तो अमेरिकेचा रीतसर नागरिक झाला. त्याच वर्षी इंडियानापोलिसला बॅलो मोटारीतून तो पुन्हा आघाडीवर असताना, अवघ्या काही फेऱ्या उरल्या असता इंजिन बंद पडले. यंत्रज्ञ म्हणून बसलेला त्याचा भाचा पीट डी पावलो पेट्रोल आणावयास धावत सुटला; दोष इंधनात नव्हता, ठिणगी देणाऱ्या यंत्रणेत होता. अर्ध्या सिलिंडरांवर मोटार हाकीत डी पाल्मा पाचवा आला. १९२१ साली १०८ फेऱ्या आघाडीवर राहिल्यावर पुन्हा एकदा कनेक्टिंग रॉडनेच त्याचा घात केला. त्याच वर्षी ल मान्स येथील फ्रेंच ग्रँड प्रीमध्ये मात्र त्याने दुसरा क्रमांक मिळविला. पहिला आला तोही अमेरिकनच, जिमी मर्फी.

१९२५ साली तोच भाचा, पीट डी पावलो, इंडियानापोलिसचा विजेता झाला. पाचशे मैलांत ताशी शंभर मैलांची सरासरी ओलांडणारा तो पहिला चालक. त्याच शर्यतीत बेचाळीस वर्षांचा मामा सातवा आला. इंडियानापोलिसवरील मामाची ती दहावी आणि शेवटची शर्यत. या दहा शर्यतींत मिळून डी पाल्मा ६१२ फेऱ्या आघाडीवर होता. हा आकडा अल अन्सरने १९८० च्या दशकात मागे टाकीपर्यंत साठाहून अधिक वर्षे कोणाला गाठता आला नाही. इतक्या फेऱ्यांच्या बदल्यात त्याच्या पदरी विजय पडला तो एकच.

३१ मार्च १९५६ रोजी कॅलिफोर्नियातील साउथ पॅसाडेना येथे राल्फ डी पाल्माचे निधन झाले. ज्या धंद्यात त्याचे कितीतरी समकालीन तिशीही न ओलांडता गेले, त्यात तो त्र्याहत्तर वर्षांचे आयुष्य जगला, हाही एक प्रकारचा विजयच म्हणावयाचा. त्याने मिळविलेले वेगाचे उच्चांक केव्हाच मोडले गेले. ते मोडण्यासाठीच असतात. इंडियानापोलिसच्या विटांची पट्टीही पुढे डांबराखाली गेली, आणि प्रारंभरेषेपाशी तेवढी वारभर रुंदीची विटांची एक पट्टी उघडी ठेवण्यात आली आहे. १९१२ च्या त्या दुपारी जी रेषा गाठण्यासाठी दोन माणसे बंद मोटार ढकलीत होती, ती हीच. नियमाच्या हिशेबात त्यांचे ते अंतर आजही शून्यच आहे, आणि ते तसेच असावयास हवे. लोकांनी मात्र ते अंतर कधी शून्य धरले नाही.